चूडी मर गई, आता काय?

प्रश्न : काका नमस्कार, मी इंदूरच्या रामबागेत राहतो, 100 सीसीची जुनी बाइक आहे. व्हिडिओ बघून बघून पहिल्यांदाच घरी ऑइल बदललं, सगळं नीट झालं पण सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग. म्हणून ऑइल काढायचा खालचा बोल्ट अजून थोडा कसला, तरी थेंब येतोय म्हणून आणखी कसला, आणि मग तो नुसताच फिरायला लागला. मिस्त्री म्हणतो चूडी मर गई, म्हणजे आटे गेले, आता चेंबर म्हणजे इंजिनाचा खालचा भागच बदला. खरंच बदलावं लागेल का?

उत्तर : इतक्यात नको. इंजिनाचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टीलचा, जोर लावला की जे मऊ असतं त्याचे आटे जातात. आणि गंमत म्हणजे चोर बोल्ट नव्हताच, बोल्टखालचा वायसर (चकती) होता. तो मऊ धातूचा असतो, एकदा दाबला गेला की चपटा होतो आणि जुनाच परत लावला की झिरपतो, मग माणूस बोल्टवर राग काढतो. दरवेळी नवा लावायचा, चहाच्या पैशात येतो. बोल्ट आधी हातानेच फिरवायचा, बोटांनी सरळ बसला तरच पाना लावायचा, आणि पाना मधोमध धरायचा, टोकाला नाही. टॉर्क पाना (जोर मोजून कसणारा) असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा, या गाड्यांना तो साधारण 25-30 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच कमी.

माझ्या पहिल्या गाडीला मी पान्यात पाइप घालून बोल्ट कसला होता. वडील शेजारी पोहे खात बसले होते, एक शब्द बोलले नाहीत, कट्ट आवाज आल्यावर फक्त विचारलं, झालं समाधान?

आता उपाय. लेथवाल्याकडे किंवा जुन्या मिस्त्रीकडे हेलिकॉइल बसवून मिळते, म्हणजे भोक थोडं मोठं करून त्यात स्टीलच्या तारेचे नवे आटे. मूळ मापाचा बोल्ट परत चालतो आणि आधीपेक्षा मजबूत होतं. सियागंजच्या बाजूला विचारत गेलात तर करणारा सापडेल. फक्त काम झाल्यावर थोडं ऑइल वरून ओतून खालून वाहू द्या, नाहीतर भोक पाडतानाचा चुरा आतच राहील. आणि तोवर एम-सील फासून गाडी चालवू नका. बोल्ट रस्त्यात गळून पडला तर ऑइल मागच्या टायरवर जातं, पुढे इंजिन जाम होतं ते वेगळंच.

प्रश्न : कारमध्ये टाकून उरलेलं ऑइल बाइकला चालेल का? आणि काढलेलं काळं ऑइल चेनला लावतो, बरोबर आहे ना? (सुदामानगर)

उत्तर : दोन्ही नको. गिअरच्या बहुतेक बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरू शकतो, मग गाडी आवाज करते पण पळत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (अशा बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का बघा, ग्रेड मॅन्युअलमधला. काळ्या ऑइलमध्ये धातूचा बारीक कण असतो, ते चेनला घासून काढेल, 90 नंबरचं गिअर ऑइल लावा. उरलेलं काळं कॅनमध्ये भरून गॅरेजच्या ड्रममध्ये द्या, ते पुढे रिसायकलवाल्याकडे जातं. गटाराच्या चेंबरमध्ये ओतणारे पण आहेत आपल्यात, 2017 पासून सफाईत नंबर एकचं मिरवायचं आणि ऑइल कान्ह-सरस्वती नद्यांच्या वाटेला लावायचं, हे काय बरोबर नाही भाऊ.

प्रश्न : आमचे हे कार जॅकवर चढवून खाली विटा लावतात आणि सरळ खाली शिरतात. मी ओरडले की म्हणतात तुला काय कळतं. तुम्हीच सांगा. (लोकमान्यनगर)

उत्तर : ताई, तुम्हालाच कळतंय. विटा उभ्या वजनाखाली न सांगता फुटतात आणि गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलायला असतो. जॅक स्टँडची (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची) जोडी घ्या, जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर. स्टँड येईपर्यंत जॅकचं हँडल तुम्ही तुमच्या कपाटात ठेवा.