पहिली 10 मीटर एअर रायफल सुटे भाग जमवून बांधावी का?

आपली मुलगी 15 वर्षांची असून दोन वर्षांपासून क्लबच्या रायफलीवर सराव करते, आणि आता नवीकोरी रायफल घेण्याऐवजी जुनी नळी व यंत्रणा, वेगळा दस्ता आणि वेगळी साइट (नेम धरण्याचे साधन) असे भाग जमवून तिच्या मापाची रायफल बांधावी असा आपला विचार आहे, असे प्रश्नावरून समजले. मी स्वतः याच वाटेने गेलो होतो, राज्य पातळीपर्यंत खेळलो आणि पुढे कोल्हापुरात काही मुलांच्या रायफली जुळवून देण्यातही हात घातला; त्या अनुभवावरून लिहितो. बांधावी, परंतु बांधायचे म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागेल.

नळी, ट्रिगर आणि हवेचा दाब सांभाळणारी यंत्रणा यांत आपण काहीही बांधत नसतो. ते कारखान्यातून जसे आले तसेच ठेवायचे असते. 4.5 मिमी नळीच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची रायफल तर साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. पण म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून नळी कापून घेणे किंवा व्हॉल्व्ह मोठा करून घेणे यात शहाणपणा नाही. त्यामुळे कायद्याच्या कक्षेबाहेर जाण्याचा धोका राहतोच, शिवाय अचूकता हमखास बिघडते. आपल्या हाती खरोखर असते ती दस्त्याची बाजू, म्हणजे मुलीच्या शरीराला टेकणारा रायफलीचा प्रत्येक भाग. माझ्या मते पैशापेक्षाही जास्त वेळ तिथेच खर्च व्हायला हवा.

तरीही यंत्रणा पारखून घ्यावी लागते. आपल्याकडे जुन्या बाजारात बहुधा फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, अँशुट्झ आणि स्टायर याच नावांच्या रायफली फिरतात, आणि त्यांतील 20 वर्षे जुनी नळीसुद्धा नीट सांभाळलेली असेल तर आपल्या मुलीला पुष्कळ वर्षे पुरेल, कारण शिशाच्या मऊ छर्‍याने पोलादी नळी झिजत नाही. झिजतात ती हवा अडवणारी सील आणि हवेचा दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर. म्हणून विकणार्‍याला क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा गोळ्या सलग झाडून दाखवायला सांगावे. छर्‍याचा वेग साधारण 170 मीटर प्रति सेकंद असतो. त्यात पाचेक मीटरचा फरक पडत असेल तर दहा मीटरवर छर्रा सुमारे एक मिलिमीटर वर-खाली लागतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण ज्या खेळात दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो तिथे ते क्षुल्लक नाही.

रायफलीला हवा पुरवणाऱ्या सिलिंडरवर कोरलेली निर्मितीची तारीख भिंगाने का होईना, वाचावी. अनेक उत्पादकांनी हवेच्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत ठरवून दिलेली आहे आणि ती उलटलेला सिलिंडर चकचकीत दिसला तरी घेऊ नये. रायफल पसंत पडली तर नव्या सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करावा. 200 बारचा दाब गालापासून वीतभर अंतरावर असतो, हे विसरू नये. त्यात फक्त कोरडी, गाळलेली हवा भरायची असते. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन त्यात कधीही भरू नये, कारण तेलाच्या किंवा ग्रीसच्या अंशाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होऊ शकतो.

छर्‍यांची निवडही याच टप्प्यावर करावी. सपाट डोक्याचे छर्रे 4.49, 4.50, 4.51 अशा डोक्याच्या मापांत मिळतात आणि कोणत्या नळीला कोणते माप मानवेल हे कागदावर ठरत नाही. यंत्रणा दस्त्यातून काढून वाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पक्की धरावी आणि प्रत्येक डबीतले दहा-दहा छर्रे एकाच ठिकाणी झाडावेत. भोकांच्या बाहेरच्या कडा मोजल्यावर समूह सहा मिलिमीटरच्या आत आला तर समाधान मानावे. त्यातून छर्‍याची जाडी (4.5 मिमी) वजा केली की केंद्रांचा विखुरा दीड मिलिमीटर उरतो. आणि छर्रा ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळत असल्यामुळे त्याच्या केंद्राला चारही बाजूंना अडीच मिलिमीटरची मुभा असते. म्हणजे चांगली रायफल त्या मुभेतला थोडाच भाग खाते आणि उरलेला नेमबाजाच्या हाताच्या थरथरीसाठी शिल्लक ठेवते. अमुक ब्रँडचेच छर्रे उत्तम, असे रेंजवर छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना चहा पाजावा आणि आपल्या नळीची चाचणी आपणच घ्यावी.

आता दस्त्याबद्दल, कारण माझी चूक तिथेच झाली होती. माझ्याकडे बाजूच्या दांड्याने हवा भरणारी जुनी रायफल होती आणि तिचा मूळ दस्ता एका मोठ्या चणीच्या जर्मन माणसासाठी घडवल्यासारखा होता. मी हौसेने शिसवीचा तुकडा मिळवला, एका कसबी सुताराकडून महिनाभर बसून दस्ता करून घेतला, आणि तो इतका देखणा झाला की घरी आलेल्या प्रत्येकाला मी तो दाखवत असे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहित्य-तपासणीत रायफल काट्यावर ठेवली तेव्हा वजन 5.7 किलो भरले. मर्यादा साइटसह 5.5 किलोची आहे. त्या रात्री हॉस्टेलच्या व्हरांड्यात मी दस्त्याच्या पोटातून लाकूड कोरून काढत बसलो होतो, आणि सकाळी वजन बसले तरी तोल पार बदललेला असल्याने खेळ व्हायचा तो झालाच. शिसव जड असते हे सुताराला ठाऊक होते; मी त्याला विचारले नव्हते. लाकूडच हवे असेल तर अक्रोडाचे पाहावे, पण खरे सांगायचे तर वाढत्या वयाच्या मुलीसाठी सगळीकडून सरकवता येणारा अॅल्युमिनियमचा दस्ता अधिक सोयीचा, कारण सहा महिन्यांत तिची उंची बदलेल आणि लाकडाचे तसे होणार नाही. शिवाय आमच्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि जूनमध्ये बसवलेली शून्य-जुळणी (नेम धरू तिथेच छर्रा लागावा अशी साइटची जुळणी) ऑगस्टमध्ये सरकलेली आढळते. मात्र तो दस्ता आपण निवडलेल्या यंत्रणेच्या मॉडेलसाठीच बनलेला आहे, स्क्रूंची अंतरे जुळतात, याची खात्री पैसे देण्याआधी करावी. छिद्रे वाढवून बसवलेला दस्ता मला आजवर एकही धड चाललेला दिसलेला नाही.

माप घेण्याची पद्धत बहुतेक जण उलटी वापरतात. ते रायफल आधी जोडतात आणि मग मुलीला तिच्यात कोंबतात. त्याऐवजी तिला शूटिंग जॅकेट, ट्राउझर आणि बूट घालून उभे करावे, कारण जॅकेटच्या जाडीनेच खांद्याचे माप बदलते. डावे कोपर कमरेच्या हाडावर विसावले, मान ताठ राहिली आणि नजर समोर सरळ गेली, की त्या स्थितीत तिची मूठ आणि डोळा यांच्यात उभे अंतर किती उरते ते मोजावे. हे अंतर रायफलीने भरून काढायचे असते, मान वाकवून नव्हे. पुढच्या बाजूला हाताखाली उंची वाढवणारा ठोकळा बसवता येतो, पण नळीच्या मध्यरेषेपासून खाली 120 मिलिमीटरच्या पलीकडे तो जाता कामा नये. बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी दस्त्याची मागची पट्टी, खाली सरकवली की रायफल खांद्यावर वर चढते. म्हणून आधी बट प्लेट आणि दस्त्याची लांबी, नंतर पुढचा ठोकळा, मग गालपट्टी आणि सर्वांत शेवटी मागच्या साइटची उंची, हा क्रम मोडू नये. एका वेळी एकच स्क्रू हलवावा आणि प्रत्येक बदल वहीत मिलिमीटरमध्ये लिहावा.

जुळणी योग्य झाली की नाही हे पाहण्याची परीक्षा सोपी आहे. तिने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल टेकवावा, दोन श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत. डोळा साइटच्या छिद्राच्या मध्यावर आपोआप आला पाहिजे आणि काळा गोल फार तर थोडा बाजूला दिसावा, जो पावले किंचित फिरवून समोर आणता येतो. डोके उचलावे किंवा दाबावे लागत असेल तर गालपट्टीत दोष आहे. ही परीक्षा अर्ध्या तासाच्या सरावानंतर पुन्हा घ्यावी, कारण ताज्या स्नायूंना चुकीचे मापही चालते.

ट्रिगरला सुरुवातीला हातच लावू नये. एअर रायफलीत त्याच्या वजनाला किमान मर्यादा नाही, त्यामुळे शंभर ग्रॅमच्या खाली नेण्याचा मोह मोठ्यांनाच अधिक होतो. मुलीला मात्र ट्रिगर दाबण्याचा पहिला, हलका टप्पा कुठे संपतो हे बोटाला स्पष्ट जाणवणारा ट्रिगर हवा असतो. दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने (किती जोर लागला हे दाखवणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळावेत आणि दोन्ही स्क्रू थोडे थोडे करून आळीपाळीने घ्यावेत. रायफलीचा तोल साधण्यासाठी जोडायची वजने शेवटी लावावीत. तिच्या वयाला साडेपाच किलोची मर्यादा गाठण्याची काहीच गरज नाही. 60 गोळ्यांचा डाव 75 मिनिटे चालतो आणि शेवटच्या वीस गोळ्यांत कमरेवर येणारा ताण हलक्या रायफलीनेच आटोक्यात राहतो.

खरेदीचे बिल, मॉडेल क्रमांक आणि क्लबचे ओळखपत्र रायफलीच्या पेटीतच ठेवावे. रेल्वेने प्रवास करताना ते विचारले जाते. आणि यंत्रणा पसंत करायला जाल तेव्हा मुलीला व तिच्या प्रशिक्षकांना बरोबर न्यावे, तिचे जॅकेटही विसरू नये.