घरच्या घरी क्लचप्लेट

प्रश्न : कांद्याच्या गोण्या भरून घाट चढताना आमच्या पिकअपचे इंजिन नुसतेच जोरात फिरते, गाडी मात्र वेग घेत नाही. क्लचप्लेट घरी बदलता येईल का?

उत्तर : आधी क्लच पेडलचा फ्री प्ले (पेडल दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल) तपासावा, तो उरलाच नसेल, तर प्लेट शाबूत असूनही क्लच घसरतो. प्लेटच झिजली असल्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तो एकट्याने पेलण्याचा हट्ट जिवावर बेतू शकतो. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी. प्रेशर प्लेट (क्लचप्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे) सोबतच बदलावे. तेवढी उस्तवार पुन्हा कोण करणार? फ्लायव्हीलवर (क्लचप्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चकतीवर) निळे डाग वा तडे दिसल्यास ते आधी वर्कशॉपमध्ये दाखवावे. नवी प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर धरून प्रेशर प्लेटचे समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळावेत आणि तिला तेलकट हात लागू देऊ नये.