हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा, ‘बहिरा’ नव्हे

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या ‘हायाबुसा’ या जपानी लढाऊ विमानाच्या नावाचा अर्थ एका लेखात ‘बहिरा ससाणा’ असा दिलाय, तो बरोबर आहे का? आणि हायाबुसा म्हणजेच ‘झीरो’ का?

दुसरा भाग आधी उरकतो. नाही. झीरो हे मित्सुबिशीचं, नौदलाचं विमान. हायाबुसा नाकाजिमा कंपनीचं, लष्कराचं. त्याचं अधिकृत नाव की-४३. जपानी राजवंशाच्या कालगणनेत १९४० म्हणजे २६०० साल, त्यातला शेवटचा आकडा शून्य, म्हणून ‘झीरो’. हायाबुसा २६०१चं, म्हणून ते ‘प्रकार १’. दोघांची इंजिनं एकाच घराण्यातली आणि दिसायलाही दोन्ही सारखी, त्यामुळे ब्रह्मदेशावर लढणारे अमेरिकी वैमानिकसुद्धा हायाबुसाला झीरोच म्हणत. त्यांना ते ऐन लढाईत ओळखायचं होतं. आपण निवांत बसून लिहितो, आपल्याला ही सबब नाही.

आता ‘बहिरा’. हे मी इतक्यांदा वाचलंय की डोकं फिरतं. कानाने बहिरा हा शब्द संस्कृत ‘बधिर’वरून आलाय, आणि तो लिंगाप्रमाणे बदलतो: बहिरा मुलगा, बहिरी मुलगी. पक्ष्याच्या नावातला ‘बहिरी’ तसा असता, तर ‘ससाणा’ पुल्लिंगी असल्यामुळे लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘बहिरा ससाणा’च म्हणाले असते. म्हणतात ‘बहिरी ससाणा’. सरकारी बैल, सरकारी गाय, दोन्हीकडे ‘सरकारी’च. फारसी-अरबीतून आलेली ईकारान्त विशेषणं अशी अढळ असतात, आणि ‘बहिरी’ त्यांतलंच आहे. अरबीत ‘बह्र’ म्हणजे समुद्र. ‘बहरी’ म्हणजे समुद्राकडचा. बहरीन म्हणजे ‘दोन समुद्र’. गझलवाले वृत्ताला ‘बहर’ म्हणतात, तोही हाच शब्द. डाळिंबाचा मृग बहर मात्र वेगळा, तो फारसी ‘बहार’मधला.

पक्ष्याला हे नाव शोभतंही. उत्तरेकडून हिवाळ्यात येणारा हा ससाणा किनारे, खाड्या, पाणथळी धरून राहतो आणि बदकं, चिखलपक्षी मारतो. सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही दिसणारा त्याचाच भाऊबंद म्हणजे शाहीन. बाज, शाहीन, शिकरा, बहरी, ही सगळी शिकारखान्याची फारसी परिभाषा.

तरीही काही जाणकार ‘बहिरी’ला भैरवाशी जोडतात आणि ढाकच्या बहिरीचा दाखला देतात. ढाकचा बहिरी भैरवच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मोगल दरबारचे शिकारी ससाणे पाळत होते, ते काय कर्जतजवळच्या गुहेतल्या देवावरून त्यांना नाव देत होते? ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली, ही सवय आता सोडायला हवी.

‘ससाणा’ अस्सल आपला: संस्कृत ‘शशादन’, ससे खाणारा. अमरकोशात श्येनाच्या जोडीने येतो. गंमत म्हणजे बहिरी ससाणा सशाच्या वाटेला क्वचितच जातो, त्याची शिकार हवेतली.

जपानी ‘हायाबुसा’त ‘हाया’ म्हणजे वेगवान, आणि ‘बुसा’ हे ‘त्सुबासा’ म्हणजे पंख याचं झिजलेलं रूप, असं सर्वसाधारणपणे सांगतात. मला ते पटतं, कारण आठव्या शतकातल्या ‘कोजिकी’ या जपानी ग्रंथात हायाबुसावाके नावाच्या राजपुत्राचं नाव लिहिताना पहिलं चित्राक्षर वेगाचं घातलंय. म्हणजे हा वेग तेव्हाच्या लेखनिकालाही ऐकू येत होता.

आणि इथेच विमानाचं नाव मला खटकतं. बहिरीची कीर्ती सुळकांडीची: उंचावरून पंख मिटून खाली झेपावणं. की-४३ नेमकं तिथेच कच्चं. जानेवारी १९३९मध्ये ते पहिल्यांदा उडालं तेव्हा वैमानिकांना आधीच्या की-२७ विमानाइतकं चपळ वाटलं नाही. मग पंखांखाली फुलपाखराच्या आकाराच्या झडपा बसवल्या. लढाईत त्या बाहेर सरकवल्या की विमान जागच्या जागी वळल्यासारखं वळे. पण हलकेपणासाठी चिलखत सोडलेलं, सुरुवातीला पंखांना तडे जात, तोफा म्हणाव्यात तर नाकातल्या दोन मशिनगन. ब्रिटिशांच्या हरिकेन विमानाच्या पंखांत आठ-बारा असत. म्हणून ब्रिटिश वैमानिकांना शिकवण एकच: हायाबुसाशी वळणांत झुंजू नका, सूर मारून निसटा. २२ मे १९४२ला ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ हायाबुसा उडवणाऱ्या ६४व्या तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल तातेओ कातो ब्रिटिश ब्लेनहाइम बॉम्बरवर झेपावला आणि झेपेतून वर येताना विमानाचं पोट उघडं पडलं. मागच्या तोफचीने तिथेच गोळ्या घातल्या. विमान बंगालच्या उपसागरात पडलं.

झाडांमधून गिरक्या घेत पाखरू पकडणारा शिकरा या विमानाला जास्त शोभला असता. नाव १९४२मध्ये जनतेसाठी जाहीर केलं गेलं, आणि जनतेसाठीची नावं आकर्षक असावी लागतात. या विमानावर काम केलेले हिदेओ इतोकावा पुढे जपानी रॉकेटविद्येचे जनक ठरले. २००३मध्ये उडालेलं ‘हायाबुसा’ यान ज्या लघुग्रहावर उतरलं, त्याचं नाव इतोकावाच आहे.

तर, विमानाचं नाव ‘हायाबुसा’च लिहा, अर्थ द्यायचा तर ‘बहिरी ससाणा’. आणि ‘बहिरा’ छापणाऱ्यांना दुरुस्ती कळवा.