जुनं टेबल, दोन खुर्च्या, पत्र्याची आलमारी आणि हातात 2,000 रुपये: सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन खेड्यात आलात. जुनं लाकडी टेबल, दोन खुर्च्या आणि पत्र्याची आलमारी स्वस्तात मिळाली, पण टेबल डुगडुगतं, सगळ्यावर मेण चढल्यासारखा कळकटपणा आहे आणि आलमारीला गंज लागलाय. मिस्त्री म्हणतो, वरून सनमायका मारून टाका. 2,000 रुपयांत हे सामान नीट होईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

होईल. फक्त टेबल कशाचं आहे ते कळेपर्यंत सनमायका मारू देऊ नका. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडच्या एका गावात राहते. घरातली बंगई (झोपाळा), दिवाण आणि जेवायचं टेबल ही तिन्ही जुन्या बाजारातून किंवा कुणाचं पडकं घर उतरवताना आणलेली आहेत. गावातल्या सुतारकाकांजवळ बसून मी हे काम शिकले. ते म्हणायचे, "पयले पाय धरव, मंग तोंड धू." म्हणजे आधी जोड पक्के करा, मग धुणं आणि पॉलिश.

टेबल उलटं करा. खालच्या बाजूला, जिथं कधी पॉलिश लागलेलं नसतं, तिथं दोन बोटं जागा काचपेपरने घासा. आतून सोनेरी तपकिरी रंग निघाला, हाताला किंचित तेलकट लागलं आणि कातड्यासारखा वास आला, तर ते सागवान आहे. असं टेबल आपल्याकडे जुन्या बाजारात निघणं नवलाचं नाही. आलापल्ली-बल्लारशाचं सागवान नावाजलेलं आहेच. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहूनच लाकूड गेलं. अशा लाकडावर सनमायका चिकटवलेला पाहिला की मला खरंच वाईट वाटतं. जड आणि लालसर निघालं तर बहुतेक बाभूळ, तीही टिकाऊ. पण कडा फुगलेल्या आणि आत दाबलेला भुसा दिसत असेल तर तो बोर्ड आहे. पाणी प्यालेला बोर्ड पुन्हा बसत नाही. त्यावर पैसे घालू नका.

आता डुगडुग. जोड हलत असेल तर वरून खिळा ठोकू नका. खिळ्याने लाकूड फाटतं आणि जोड सहा महिन्यांत परत हलतो. हाताने हलवून, लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके देत जोड पूर्ण उघडा. आतला जुना वाळलेला गोंद चाकूने खरवडून काढा, कारण जुन्या गोंदावर नवा धरत नाही. सागवान असेल तर त्याच्या तेलकटपणामुळेही गोंद सुटतो, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजू स्पिरिटने पुसून वाळू द्या. मग फेविकॉल लावून बसवा. जोड दाबून धरायला शिकंजा (क्लॅम्प) विकत घ्यायची गरज नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा आणि चारही पायांभोवती ताणून गुंडाळा. किंवा दोरीचा फेरा घेऊन मधे काडी घाला आणि पीळ द्या. चोवीस तास हात लावायचा नाही. एखादा जोड फारच सैल असेल तर आरपार भोक पाडून बांबूची खुंटी मारा. बांबू आपल्याकडे फुकटात मिळतो आणि खिळ्यासारखा गंजत नाही.

या कामाला ऋतू फार महत्त्वाचा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की लाकूड आक्रसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. लोक घाईने त्या फटी पुट्टीने भरतात. जुलैत लाकूड फुगतं आणि तीच पुट्टी बाहेर येते, कधी फळीच वाकते. माझ्या पहिल्या दिवाणाचं असंच झालं. त्यामुळे फळीफळीतल्या फटी राहू द्या, फक्त खिळ्यांची भोकं आणि टवके भरा. त्यासाठी त्याच लाकडाचा घासून निघालेला भुसा फेविकॉलमध्ये कालवा. जोड मात्र उन्हाळ्यात चिकटवणं चांगलं, कारण लाकूड कोरडं असतं. पॉलिश भर पावसाळ्यात करू नका. दिवाळीनंतरचे महिने सगळ्यात चांगले. मे महिन्यातच करायचं असेल तर पहाटे करा, नाहीतर बोळा फिरवता फिरवताच पॉलिश वाळतं आणि पट्टे उमटतात.

घासायच्या आधी धुणं. कोमट पाण्यात थोडा साबण किंवा रिठा, घट्ट पिळलेलं फडकं, मग लगेच कोरडं पुसणं. पुष्कळदा लाकूड खराब नसतंच, वर वर्षानुवर्षांचा हाताचा मळ आणि धूर बसलेला असतो. त्यानंतर कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा दाबून पाहा. जुनं पॉलिश चिकट झालं तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं आहे. मग तुमचं अर्धं काम वाचलं. सगळं खरवडायला नको, पातळ चपडी त्याच्यावरच नव्याने बसते. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावरची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून वॉटरपेपरने घासा, तोंडाला फडकं बांधा, पोरांना लांब ठेवा. निघालेला गाळ अंगणात टाकू नका.

लाकडातून भुग्यासारखं पीठ गळत असेल किंवा उधई (वाळवी) लागली असेल तर वावरासाठी आणलेलं औषध लाकडात टोचायचा मोह होतो. कृपा करून टोचू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, आणि ती उघड्या शेतात काम करत होती. हे तर तुमच्या जेवायच्या खोलीतलं लाकूड. त्याऐवजी तीन भाग टाकणखार (बोरॅक्स) आणि दोन भाग बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवा आणि उघड्या लाकडाला दोनतीनदा पाजा. पॉलिशवरून ते आत मुरत नाही, म्हणून हे आधीच करायचं. हेही पोटात जायला नको, तेव्हा डबा मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

घासताना 80 नंबरचा काचपेपर फक्त खरबडीत जागी, मग 120, शेवटी 220. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने.

चमक आणायला मी चपडी वापरते. ती लाखेपासून होते, आणि लाखेचा किडा वाढतो तो पळस, कुसुम, बोर यांच्यावर. साधारण 100 ग्रॅम चपडी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा. कापसाचा बोळा सुती कापडात बांधून पातळ हात फिरवा. दोन हातांत तासाभराचं अंतर, आणि असे सहासात हात. चूल, बिडी जवळ नको, स्पिरिट लगेच पेट घेतं. दमट हवेत केलं तर पॉलिश पांढुरकं पडतं. तयार टेबलावर गरम पातेलं ठेवलं तर पांढरा गोल उमटतो, पण स्पिरिटच्या हलक्या बोळ्याने तो बहुतेक निघतो. सनमायकाला बसलेला चटका मात्र कायमचा.

खुर्च्यांना मी चपडीऐवजी जवसाचं तेल सुचवेन, कारण त्यांची रोज घासाघीस होते. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉईल्ड म्हणून मिळतं ते घ्या, स्वयंपाकातलं कच्चं तेल वाळायला फार दिवस लावतं. शेंगदाण्याचं तर वाळतच नाही, चिकट राहतं. पातळ लावा, वीस मिनिटांनी पुसून काढा, दुसऱ्या दिवशी परत. एक गोष्ट अगदी ध्यानात ठेवा: तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. आपल्या 45 अंशांत तर नक्कीच नको. पाण्यात बुडवा किंवा एकेक करून तारेवर पसरा.

आलमारीचं सोपं आहे. गंज तारेच्या ब्रशने काढा, टर्पेंटाइनने पुसा, रेड ऑक्साइडचा (गंज रोखणारा खालचा रंग) एक हात, वाळल्यावर इनॅमलचे दोन पातळ हात.

मागच्या टेबलाचं काचपेपर, गोंद, चपडी, स्पिरिट मिळून मला सातआठशे लागले. आलमारीलाही साधारण तितकेच धरा, म्हणजे खुर्च्यांच्या तेलापुरते तुमच्याजवळ उरतात. घर सारवलेलं असेल तर टेबलाच्या पायांच्या तळाला तेलाचे चारपाच हात द्या आणि प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा, कारण ओल आणि उधई दोन्ही तिथूनच चढतात.

आणि टेबलाला ड्रॉवर असेल तर तो जुलैत अडणारच. तेव्हा त्याला रंधा मारू नका, पुढच्या उन्हाळ्यात तो खडखडत बसेल. कडेला कोरडी मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा.