फुसेकीत स्वतःचं फंक्शन चालत नाही, कॉलम रिकामाच येतो

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही चार-पाच जण मिळून तालुक्यातल्या जुन्या बारवा आणि शिलालेखांच्या नोंदी करतोय, सगळं आरडीएफमध्ये (माहिती छोट्या जोडलेल्या विधानांत मांडायची पद्धत) टाकून फुसेकी या सर्व्हरवर ठेवलंय, तो अशा माहितीवर क्वेरी चालवू देतो. घोळ होतोय गावांच्या नावांचा. कऱ्हाड शोधलं की निम्म्या नोंदी येतच नाहीत, कारण प्रत्येकाने वेगळ्या कीबोर्डवरून टाईप केलंय. म्हणून मी जावामध्ये एक छोटं फंक्शन लिहिलं, जे नाव एकसारखं करून देतं. माझ्या प्रोग्रॅममधून क्वेरी चालवली की झकास चालतं, पण तीच क्वेरी फुसेकीला दिली की एरर नाही, काही नाही, नुसता रिकामा कॉलम. जार फाईल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकली, क्लासपाथ दिला, रीस्टार्ट केलं, तीन रविवार यातच गेले. काय चुकतंय?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर: सर, तुमचं फंक्शन बहुतेक बरोबरच आहे, ते सर्व्हरपर्यंत पोचलेलंच नाहीये. आणि एरर का दिसत नाही ते आधी सांगते, कारण तुमचे तीन रविवार त्यातच गेलेत. स्पार्कल, म्हणजे तुम्ही क्वेरी लिहिता ती भाषा, तिचा नियमच असा आहे की बाइंडमध्ये किंवा सिलेक्टमधल्या हिशोबात काही चुकलं तर क्वेरी थांबत नाही, तेवढी जागा रिकामी राहते, आणि फिल्टरमध्ये चुकलं तर ती ओळच गळते. ओळखीचं नसलेलं फंक्शनसुद्धा जेना (फुसेकी जिच्यावर उभा आहे ती जावा लायब्ररी) यातच धरते. म्हणजे ब्राउझरमध्ये कितीही वेळ बघत बसलात तरी तिथे काही कळणार नाही, सर्व्हरचा लॉग उघडा. तिथे तुमच्या फंक्शनचा पूर्ण पत्ता (क्वेरीत फंक्शनला दिलेलं यूआरआय नाव) देऊन, याची फंक्शन फॅक्टरी रजिस्टर नाही, अशा अर्थाची वॉर्निंग दिसेल.

आता लॅपटॉपवर का चालतं? तिथे तुमच्या मेनमध्ये तुम्ही फंक्शनरजिस्ट्रीला पुट करून पत्ता आणि क्लास यांची गाठ घालून दिलीये. ती रजिस्ट्री त्या चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत असते, प्रोग्रॅम संपला की ती पण गेली. फुसेकी हा वेगळा प्रोग्रॅम, तो तुमचं मेन कधी चालवतच नाही, त्यामुळे जार अगदी बरोबर जागी असली तरी ही गाठ कोणी घातलेलीच नसते. त्यासाठी एक छोटा क्लास करा, त्यात इनिट नावाची पब्लिक स्टॅटिक मेथड, आत फक्त ती पुटची एक ओळ. मग फुसेकीच्या कॉन्फिग फाईलमध्ये जिथे सर्व्हरचं वर्णन असतं (डेटासेटचं नाही, सर्व्हरचं) तिथे जेए:लोडक्लास लिहून पुढे त्या क्लासचं पॅकेजसकट पूर्ण नाव द्या. सर्व्हर सुरू होताना ती इनिट स्वतः चालवतो.

दुसरी गोष्ट क्लासपाथची, आणि इथे तर मी भल्याभल्यांना अडकलेलं बघितलंय. जावाला डॅश-जार लावून फुसेकी सुरू केलात तर त्यासोबत दिलेला क्लासपाथ जावा बघतच नाही, आणि तसं सांगतही नाही! मग एक तर डॅश-जार सोडा आणि क्लासपाथमध्ये दोन्ही जार देऊन फुसेकीच्या मेन क्लासचं नाव लिहा, नाहीतर फुसेकी-सर्व्हर ही स्क्रिप्ट वापरा आणि तुमची जार बेस फोल्डरमधल्या एक्स्ट्रा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, ती स्क्रिप्ट तिथल्या जार उचलते. बेस फोल्डर म्हणजे साधारणपणे सर्व्हर जिथून सुरू केला तिथलं रन नावाचं फोल्डर, पण सर्व्हिस म्हणून चालवत असाल तर तो दुसरीकडे असतो, स्टार्टअपच्या लॉगमध्ये छापून येतो तो बघून घ्या.

नक्की कुठे अडलंय ते पाच मिनिटांत कळतं. डेटा बाजूलाच ठेवा. सिलेक्टच्या कंसात फंक्शनला थेट 'कऱ्हाड' द्या आणि पुढे नुसता रिकामा महिरपी कंस, अशा क्वेरीला नेहमी एकच ओळ येते. आधी हे तुमच्या नेहमीच्या पत्त्याने करा. मग प्रीफिक्समध्ये पत्त्याऐवजी जावा, कोलन, तुमच्या पॅकेजचं नाव आणि शेवटी टिंब असं लिहून फंक्शनच्या जागी क्लासचं नाव द्या, या पद्धतीत रजिस्टर करावं लागत नाही, जेना क्लास थेट शोधते. हे चाललं आणि पहिलं नाही चाललं तर जार पोचलीये, रजिस्ट्रेशन राहिलंय. दोन्ही रिकामे आले तर बहुतेक जारच पोचली नाहीये. आणि नेहमीचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळवा, एकीकडे एचटीटीपी आणि दुसरीकडे एचटीटीपीएस, किंवा शेवटी हॅशच्या जागी स्लॅश एवढ्यानेही ते वेगळं फंक्शन होतं.

जावाची व्हर्जन पण बघा. जेना ५ ला किमान जावा १७ लागतं. तुम्ही लॅपटॉपवर २१ ने कंपाईल केलं आणि सर्व्हरवर १७ असेल तर क्लास लोडच होणार नाही, लॉगमध्ये क्लास फाईल व्हर्जन ६५ अशी तक्रार दिसेल, ६५ म्हणजे २१ आणि ६१ म्हणजे १७. मेव्हनने (जार बांधायचं साधन) जार बांधत असाल तर त्यात जेना प्रोव्हायडेड ठेवा, अख्खी जेना स्वतःच्या जारमध्ये कोंबू नका, दोन जेना एकत्र आल्या की भलतंच काहीतरी बिघडतं. आणि ज्या उदाहरणात पॅकेजच्या नावात एचपी दिसेल ते बाजूला ठेवा. जेना एचपीच्या ब्रिस्टलमधल्या लॅबमध्ये जन्मली म्हणून ती नावं होती, २०१५ मध्ये जेना ३ आली तेव्हा सगळी अपाचेच्या नावावर गेली.

आता मुख्य म्हणजे कऱ्हाड. हे काम तुम्ही हातात घेतलंत याचा मला खरंच आनंद झाला, स्पार्कलमध्ये युनिकोड एकसारखं करणारं तयार फंक्शनच नाहीये आणि मराठीला त्याची फार गरज आहे. स्क्रीनवर अगदी सारखा दिसणारा हा शब्द तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: ऱ हे एकच अक्षर आणि हलन्त, साधा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. जावाचा नॉर्मलायझर एनएफसीने (युनिकोड एकसारखं करायची ठरलेली पद्धत) पहिल्या दोन एक करतो, पण तिसरीला तो हात लावत नाही, ती तुम्हाला स्वतः रिप्लेस करावी लागेल. ॲ चंही तसंच, ते एक अक्षर म्हणूनही असतं आणि अ वर चंद्र देऊनही, तेही हाताने. अजून एक, फंक्शनने साधी स्ट्रिंग परत दिली आणि समोरच्या लेबलला मराठी भाषेचा टॅग असेल तर दोन्ही बरोबर ठरत नाहीत, तुलना करताना त्या लेबलला स्ट्र हे स्पार्कलचं फंक्शन लावा, ते टॅग काढून नुसती स्ट्रिंग देतं.

प्रश्न: मला जावा येत नाही. हेच फंक्शन जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं तर चालेल का?
– एक ग्रंथपाल, पुणे

उत्तर: चालेल, जेनात ती सोय आहे, पण सर्व्हर सगळ्यांसाठी उघडा असेल तर मी नको म्हणेन. २०२३ मध्ये त्यात सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या, तेव्हापासून स्क्रिप्टिंग मुळात बंद असतं, ते मुद्दाम चालू करून कुठली फंक्शनं चालतील याची यादी द्यावी लागते. शिवाय जावा १५ पासून आतलं जावास्क्रिप्ट इंजिन काढून टाकलंय, ते वेगळं आणावं लागतं. त्यापेक्षा कोणाकडून वीस ओळींचं जावा लिहून घ्या.

प्रश्न: फंक्शन चालतं पण फिल्टरमध्ये घातलं की क्वेरी रेंगाळते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कारण फिल्टरमध्ये ते प्रत्येक लेबलवर चालतं, इंडेक्सचा उपयोगच होत नाही. इन्सर्टची एक अपडेट क्वेरी चालवून फंक्शनने दिलेलं नाव वेगळ्या प्रॉपर्टीत साठवून टाका आणि शोध त्या प्रॉपर्टीवर थेट करा. नवीन नोंदी आल्या की ती अपडेट परत चालवायची. मूळ लेबल मात्र बदलू नका, विशेषतः शिलालेखाचा पाठ असेल तर वाचणाऱ्याने जसा टिपलाय तसाच राहू दे, आणि पहिल्यांदा अपडेट चालवण्याआधी डेटासेटचा बॅकअप घ्या.