छोट्या प्रायोगिक मंचावरच्या जुन्या नाटकांवरून दिग्दर्शक कसा जोखायचा?

तुम्ही विचारलं आहे की तुमच्या हौशी गटाला एका दिग्दर्शकाकडून नाटक बसवून घ्यायचं आहे. त्यांच्या नावावर दहा-बारा नाटकं आहेत, पण सगळी छोट्या हॉलमधली आणि बहुतेकांचे चार-पाचच प्रयोग झालेले. अशा कामाला किती वजन द्यावं?

भरपूर द्यावं. मी बरीच वर्षं प्रायोगिक नाटकांचे लाइट्स ऑपरेट करते आहे, त्यामुळे दिग्दर्शक तालमीत काय म्हणतो आणि प्रयोगात त्यातलं काय उरतं, हे दोन्ही जवळून बघायला मिळतं. त्या अनुभवावरून सांगते, त्यांना भेटाल तेव्हा प्रत्येक नाटकाबद्दल एक प्रश्न नक्की विचारा: "या नाटकाला प्रेक्षक कुठे बसले होते?"

कमानी रंगमंचावर, म्हणजे समोर पडद्याची चौकट असलेल्या नेहमीच्या नाट्यगृहात, हा प्रश्न उद्भवतच नाही, खुर्च्या आधीच ठोकलेल्या असतात. छोट्या जागेत मात्र हॉल रिकामा मिळतो. प्रेक्षकांना एका बाजूला बसवायचं की तिन्ही बाजूंनी, नटाने येण्याची वाट त्यांच्यामधून ठेवायची का, हे दिग्दर्शकालाच ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना नाटक त्याला किती कळलंय ते उघड होतं. पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्हस्कीने पोलंडमधल्या ओपोले गावच्या छोट्या नाट्यगृहात सैतानाला आत्मा विकणाऱ्या फॉस्टसचं नाटक केलं, तेव्हा प्रेक्षकांना लांब टेबलांभोवती पाहुण्यांसारखं बसवलं होतं. मरणाआधीच्या शेवटच्या जेवणाला फॉस्टसने बोलावलेली माणसं म्हणजे ते प्रेक्षकच. बंगाली नाटककार-दिग्दर्शक बादल सरकारांनी १९७२ साली कोलकात्यात अंगनमंच सुरू केला, तेव्हा त्यांनीही मंच आणि प्रेक्षागार ही विभागणीच काढून टाकली. पुढे 'मिछिल' (म्हणजे मोर्चा) या नाटकात बसण्याची मांडणी अशी केली की मधल्या मोकळ्या जागेला वळणावळणाच्या रस्त्याचं रूप आलं आणि मोर्चा त्या रस्त्यावरून फिरत राहिला. बसायची जागा हाच तिथे नाटकाचा अर्थ होता.

आपल्याकडची परंपराही अशाच जागांमधून वाढली. दिग्दर्शक सत्यदेव दुबे यांचे प्रयोग मुंबईत ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये होत. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ साली 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू केली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं होऊ लागली. तिथे ना विंगा, ना फिरता रंगमंच. शाळेचा हॉल तो शाळेचा हॉलच. तरीही जवळपास १८ वर्षं त्या हॉलने मराठी नाटकाला इतकं दिलं की 'छबिलदास चळवळ' हा शब्दच रूढ झाला. १९७८ साली जुहूला पृथ्वी थिएटर उभं राहिलं ते तिन्ही बाजूंनी प्रेक्षक असलेला छोटा मंच घेऊनच. या जागांवर काम केलेल्या माणसांना 'तुमचे शंभर प्रयोग झाले का?' असं विचारणं मला अन्यायाचं वाटतं. प्रायोगिक नाटक बंद पडायला कारणं साधी असतात: हॉलची तारीख मिळत नाही, मुख्य नटाला मालिका मिळते, कुणाची बदली होते. प्रयोग कमी म्हणून काम कमी, असं गणित मांडू नका.

आता जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगते. एका नाटकात मुलगी वडिलांचं पत्र वाचते, असा प्रसंग होता. प्रेक्षक तिन्ही बाजूंनी, पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर ते मंचावर येतील एवढंच अंतर. पहिल्या प्रयोगानंतर एक बाई थांबल्या आणि दिग्दर्शकांना म्हणाल्या, "पत्र कोरं होतं हो. मला इथून दिसत होतं." दुसऱ्या प्रयोगाच्या आधी दिग्दर्शक ग्रीनरूममध्ये बसून स्वतःच्या हाताने ते पत्र लिहीत होते. निळी शाई, दोन ठिकाणी खोडलेलं, शेवटची ओळ जागा संपल्यामुळे समासात उभी लिहिलेली. नटीला त्यांनी काहीच सांगितलं नाही. प्रयोगात ती शेवटच्या ओळीपाशी आली आणि वाचण्यासाठी तिला कागद फिरवावा लागला. तेवढ्यात एक विराम आला, जो तालमीत कधीच नव्हता. माझा हात डिमरवर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायच्या बटणावर होता. पुढच्या प्रकाशबदलाचा क्यू तिच्या शेवटच्या शब्दावर होता, तो मी थोडा उशिरा दिला, कारण हॉलमध्ये कुणी हललं नव्हतं.

हे मोठ्या नाट्यगृहात सुचलंच नसतं. बाराव्या रांगेतून कागद कोरा आहे की लिहिलेला, काही कळत नाही. छोट्या मंचावर लपायला जागा नसते. नटाची मान आखडली तरी दिसते, हातातला कप रिकामा असला तरी दिसतं. तिथे दहा नाटकं केलेल्या माणसाची नजर या गोष्टींना सरावलेली असते.

अर्थात सगळ्यांची नाही. छोट्या हॉलमध्येही मोठ्या मंचाचंच नाटक कोंबणारे दिग्दर्शक मी पाहिलेत. मागे नेपथ्याची खोटी भिंत, मधे सोफा, आणि चार फुटांवरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून नट ओरडतोय! म्हणूनच तो बसण्याचा प्रश्न विचारा. "खुर्च्या समोर होत्या, नेहमीसारख्या" एवढंच उत्तर प्रत्येक नाटकाला आलं तर मी सावध होईन. "या नाटकाला तिन्ही बाजू ठेवल्या, पण पाच प्रयोगांनी चूक लक्षात आली आणि एक बाजू बंद केली" असं कुणी सांगितलं, तर त्या माणसाबरोबर तालमीला बसायला मला आवडेल.

आणखी दोन-तीन गोष्टी पाहता येतील. फोटो मागाल तेव्हा ज्यात प्रेक्षकही दिसतात असे मागा. नुसत्या चेहऱ्यांच्या फोटोंवरून जागा कळत नाही. मार्किंग केलेली संहितेची जुनी प्रत त्यांनी जपली असेल तर ती बघायला मागा, तिच्या समासात बरंच काही सापडतं. त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा काम केलेले नट आहेत का, हेही विचारा. पैसे मिळत नसताना माणूस पुन्हा त्याच दिग्दर्शकाकडे जातो, त्याला कारण असतं.

तुमचा प्रयोग मोठ्या नाट्यगृहात होणार असेल, तर आवाजाचं तेवढं आधीच बोलून घ्या. जवळच्या अंतराची सवय असलेले दिग्दर्शक नटाला हळू बोलू देतात आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. पण हे तालमीत दुरुस्त होतं.

पत्राच्या त्या दिग्दर्शकांचं नाटक नंतर मोठ्या मंचावर गेलं. तिथेही ते प्रत्येक प्रयोगाआधी नवं पत्र लिहायचे, आणि शेवटची ओळ समासात उभीच असायची.