'लॅबिरिंथ' चित्रपटाची पुढची गोष्ट सांगणारं कॉमिक चाहत्यांना आवडलं का?

काहींना आवडलं, पण जुन्या चाहत्यांपैकी अनेकांचं मन त्यात रमलं नाही. मीही त्यांच्यातलाच.

१९८६ चा जिम हेन्सन यांचा हा चित्रपट. त्याची पुढची कथा 'रिटर्न टू लॅबिरिंथ' या नावाने टोकियोपॉप या प्रकाशनाने २००६ ते २०१० दरम्यान चार भागांत काढली. लेखन जेक फोर्ब्स, चित्रं ख्रिस ली. गॉब्लिनांच्या, म्हणजे कुरूप, खोडकर भुतांच्या राजाने, जॅरेथने, पळवलेलं ते बाळ, टोबी, आता शाळकरी मुलगा झालाय आणि जॅरेथ त्यालाच वारस नेमतो. कल्पना झकास आहे!

दुखतं ते टोबीच्या बहिणीचं, साराचं. धाकट्या भावासाठी चक्रव्यूह पार करून "तुझी माझ्यावर सत्ता नाही" असं राजाला ठणकावणारी मुलगी इथे अभिनयाचं स्वप्न सोडून शिक्षिका झालेली दिसते, आणि गोष्ट तिच्या हातून निसटते. सारा आणि जॅरेथ यांची पुन्हा गाठ पडावी म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्यांना हे जिव्हारी लागणारच.

दुसरं, चित्रं. चित्रपटातली पात्रं रेखाटणाऱ्या ब्रायन फ्राउड यांच्या गॉब्लिनांची सुरकुतलेली कातडी, जॅरेथच्या बोटांवरून घरंगळणारे काचेचे गोळे, जॅरेथ साकारणाऱ्या डेव्हिड बोवीचा आवाज, हे सगळं कृष्णधवल मांगा (जपानी कॉमिक) शैलीत कसं उतरणार? तरी मोपेट हे नवं पात्र मला फार भावलं. तिचा चेहरा साराची आठवण का करून देतो, ते कळण्यासाठी तरी वाचा. फक्त पहिल्या भागावर थांबू नका, पुढे गोष्ट चांगली पकड घेते.